सावर फुलली की... : चिपळूणच्या परिसरातली माझी भटकंती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात १ मे २०२५ रोजी केलेलं भाषण. त्या संध्याकाळी पडद्यावर दाखवलेले सगळे फोटो इथे छापणं शक्य नाही, म्हणून काही ठिकाणी दोन वाक्यं जास्तीची घातली आहेत.)



पंधरा दिवसांपूर्वी सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. ज्येष्ठ नागरिकांनी पैसे कुठे गुंतवावेत यावर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, त्या विषयावर बोललो तर मंडळी जेवणाच्या रांगेत आधीच जाऊन उभी राहतील. मी फोटो दाखवतो. ते हसले आणि हो म्हणाले. म्हणून आज हा पडदा आणि हा प्रोजेक्टर. प्रोजेक्टर आणून जोडणाऱ्या आपल्या तरुण मंडळींचे आधी आभार मानतो, कारण त्यातलं मला काही कळत नाही.

मी निवृत्त झालो २०११ साली. नोकरीत असताना बदल्या खूप झाल्या, पण डोळे कायम आकड्यांत. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून रोज चालायला सांगितलं. नुसतं चालायचा कंटाळा येई, म्हणून मुलाने त्याचा जुना कॅमेरा हातात दिला. सुरुवात एवढीच. मी काही निसर्गाचा अभ्यासक नाही. नावं चुकतात, अजूनही चुकतात. पण बँकेची एक सवय अंगात मुरलेली होती : व्यवहार झाला की त्याच दिवशी नोंद. त्यामुळे प्रत्येक फोटोबरोबर एका डायरीत तारीख, जागा आणि काय दिसलं ते लिहीत गेलो. आज मागे वळून पाहताना वाटतं, फोटोंपेक्षा ही डायरीच जास्त कामाची ठरली. का, ते पुढे सांगतो.

आता पहिला फोटो पाहा. ही काटेसावर. नदीकाठच्या रस्त्यावरून गोवळकोटकडे जाताना डाव्या हाताला आहे. आपण सगळे तिच्याखालून शेकडो वेळा गेलो आहोत. माघ संपता संपता तिची सगळी पानं झडतात, आणि त्या उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल, जाड पाकळ्यांची फुलं येतात. पानं नाहीत, त्यामुळे फूल लांबूनही दिसतं आणि त्यावर बसलेला पक्षीही दिसतो. नवशिक्या फोटोग्राफरसाठी यापेक्षा सोपं झाड नाही. या फुलात मध भरपूर. सकाळी सात ते नऊ या वेळात या एका झाडावर मी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, हळद्या आणि शिंजीर एका पाठोपाठ पाहिले आहेत. शिमग्याला चाकरमानी गावात येतात तेव्हा ही पाखरांची जत्रा ऐन भरात असते. खाली पालखी नाचत असते आणि वर साळुंक्यांची भांडणं.

वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकातला वसंत येतो. कोकणातला वसंत तसा नाही. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेलं, कातळ तापलेला, रस्त्यावर धूळ. पाहुणा म्हणेल, इथे काय आहे? पण झाडांचा हिशेब वेगळा असतो. पाऊस सुरू व्हायच्या आत फळ पिकलं पाहिजे, बी पडलं पाहिजे. म्हणून बरीचशी झाडं याच कोरड्या दिवसांत फुलून घेतात. काटेसावरीच्या मागोमाग पांगारा. घाटाच्या पायथ्याकडे पळस. गडग्यांच्या कडेनं करवंदीची पांढरी चांदण्यांसारखी फुलं, ज्यांचा वास आपल्याला दिसण्याआधी येतो. डोंगरउतारावर धायटीची लालभडक नळीसारखी फुलं. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात, हे मला आपल्या सी विंगमधल्या वैद्यकाकांनी सांगितलं. उक्षीच्या वेली पोपटी झुबक्यांनी लगडलेल्या. आणि मार्च-एप्रिलमध्ये अंजनी. हा फोटो नीट पाहा. निळी-जांभळी फुलं, पण देठांना नाहीत, थेट फांद्यांना चिकटलेली. जणू कुणी काळ्या काठीला निळा रंग फासला. परशुरामच्या डोंगरावर ही मला पहिल्यांदा भेटली तेव्हा मी तिथेच दगडावर बसलो. साठ वर्षं या मुलखात काढली आणि हे झाड पाहिलंच नव्हतं. खरं तर पाहिलं असणारच. लक्ष गेलं नव्हतं.

पुढे एप्रिलअखेर कुडा, बहावा आणि ताम्हण. ताम्हण म्हणजे आपल्या राज्याचं फूल. आज महाराष्ट्र दिन आहे आणि मुख्य रस्त्यावर ताम्हण फुललेली आहे. कार्यक्रम संपल्यावर घरी जाताना वर बघा. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असं आपली जुनी माणसं म्हणतात. माझ्या डायरीत हा हिशेब काही वर्षी जुळला, काही वर्षी नाही. बहाव्याला दोष देत नाही, पावसाचं खातं हल्ली फारच अनियमित झालंय.

नदीविषयी एक सांगतो. कोकणातल्या बऱ्याच नद्या-पऱ्ये एप्रिलमध्ये आटतात. आपली वाशिष्ठी वाहती राहते. कोयनेच्या प्रकल्पात वीज तयार झाली की ते पाणी कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत सोडतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात आपल्या नदीवर कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला दिसतो आणि मग दगडासारखा खाली सूर मारतो. टिटव्या असतात, बगळे असतात, गोवळकोटच्या धक्क्याकडे गेलात तर ब्राह्मणी घार. आणि अर्थात मगरी. मगरीचा फोटो काढणं सर्वांत सोपं, कारण ती हलत नाही. फक्त आपण लांब राहायचं.

आता मुलांसाठी थोडं तंत्र सांगतो. मोठ्यांनी ऐकलं तरी चालेल.

फुलपाखराचा फोटो सकाळी काढायचा. उन्हं नुकतीच आली की ती पंख पसरून ऊन खात बसतात, चपळ नसतात. दुपारी त्यांच्यामागे धावलात तर तुमचा घाम निघेल, फोटो निघणार नाही. जाताना आपली सावली त्यांच्या अंगावर पडू द्यायची नाही. सावली पडली की उडालंच समजा. आणि कॅमेरा पंखांना समांतर धरायचा, म्हणजे एक पंख स्पष्ट आणि एक धुरकट असं होत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मागे जायचं नाही. फुललेलं किंवा फळलेलं झाड गाठायचं, सावलीत उभं राहायचं आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. पहिली दहा मिनिटं काही येत नाही. ती आपली परीक्षा असते. फुलाचा फोटो काढताना नुसतं फूल नको. पान, खोड, आणि अख्खं झाड असे आणखी तीन फोटो घ्या, नाहीतर घरी येऊन नाव सापडत नाही. लहान फुलाशेजारी मी रुपयाचं नाणं ठेवतो, म्हणजे आकार कळतो. आमची ही म्हणते, बँक सुटली पण रुपया सुटला नाही.

आणि महागडा कॅमेरा लागतो हा गैरसमज. आत्ता पडद्यावर पाहिलेल्या फोटोंपैकी निम्मे मोबाईलचे आहेत.

आता हा फोटो. हा कुठला असेल सांगा? कुंभार्ली घाट? नाही. परशुराम? नाही. हा आपल्या बी विंगच्या मागचा आंबा. त्या आंब्यावर बांडगूळ आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यावरून दोन सभांमध्ये चर्चा झाली. त्या बांडगुळाची छोटी फळं खायला फुलटोच्या नावाचा पक्षी येतो. आपल्या अंगठ्याएवढा, पण आवाज मोठा. तो फळ खातो, चिकट बी फांदीवर पडतं आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. आणि त्याच बांडगुळाच्या पानांवर हे फुलपाखरू अंडी घालतं. पंखांची वरची बाजू पांढरी, आणि मिटून बसलं की खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग. मराठीत त्याला हळदीकुंकू म्हणतात. याच्या सुरवंटाचं मुख्य खाणं बांडगूळ. म्हणजे आपल्या आंब्यावरचा तो परजीवी झुबका कुणाचं तरी धान्याचं कोठार आहे. बांडगूळ फार वाढलं तर आंब्याला त्रास होतो हेही खरं आहे. म्हणून मी कमिटीला एवढंच म्हणालो की सगळं काढा, एक फांदी ठेवा. कमिटीने ऐकलं. त्याबद्दल आभार. हा फोटो त्या एका फांदीवरचा आहे.

तसंच आपल्या कढीपत्त्यावर लिंबाचं फुलपाखरू आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. ज्या काकू दरवर्षी "कढीपत्त्याला कीड लागली" म्हणून औषध मारतात, त्यांना माझी विनंती आहे की ती कीड पंधरा-वीस दिवस सांभाळा. फोडणीला चार पानं कमी पडतील, पण नातवंडांना सुरवंटाचं फुलपाखरू होताना घरबसल्या दिसेल. आपल्या राज्याचं फुलपाखरू ठरलं ते ब्लू मॉरमॉन. राणी पाकोळी. २०१५ साली तो मान तिला मिळाला. काळ्या पंखांवर निळी झाक आणि आकार तळहाताएवढा. तीही याच कुळातली आणि तिलाही लिंबाच्या जातीची झाडं लागतात. दोन वर्षांपूर्वी ती आपल्या पाण्याच्या टाकीजवळ आली होती. फोटो हलला आहे, पण दाखवतो, कारण पुरावा लागतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती फोटोची नाही. खरं तर एका फोटोचीच आहे, पण तो फोटो मी आज आणलेला नाही.

२०१३ सालचा एप्रिल. तळमजल्यावर जिन्याजवळ जाईचा वेल होता. त्यात लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं होतं. ते मला दाखवलं आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीने. तेव्हा ती सहावीत होती. रोज शाळेतून आली की मला बोलावून न्यायची. आम्ही दोघं लांबून बघत असू. तीन पिल्लं होती. चोच उघडली की आतलं लाल तोंड दिसायचं.

मला फोटो हवा होता. पण पुढे पानं येत होती. एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी कात्री घेऊन गेलो आणि समोरच्या दोन डहाळ्या छाटल्या. फक्त दोन. फोटो अप्रतिम आला. तीन उघड्या चोची, आणि आई तोंडात किडा घेऊन. त्या फोटोचं तेव्हा एका प्रदर्शनात कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. कावळ्याने नेली की भारद्वाजाने, मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की ती पानं बुलबुलाने बघून-सवरून निवडलेला पडदा होता आणि तो मी काढला होता. संध्याकाळी ती मुलगी आली. तिने विचारलं, "आजोबा, पिल्लं उडून गेली का?" मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "एवढ्या लवकर?" मी म्हणालो, "हो, लवकर उडतात."

बारा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बँकेत छत्तीस वर्षांत खोटी नोंद केली नाही, आणि एका लहान मुलीपाशी केली. आज ती मुलगी पुण्याला नोकरीला आहे. ही स्मरणिका तिच्या घरी जाणार, म्हणून भाषणाआधी मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, कापलेल्या डहाळ्या मला दिसल्या होत्या. पण तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी हो धरलं." तिचे आई-बाबा इथे बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे बोलतोय.

तेव्हापासून मी घरट्याचा फोटो काढत नाही. हल्ली पक्षी-छायाचित्रणाच्या बऱ्याच स्पर्धांमध्येही घरट्याचे फोटो घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपण जवळ गेलो की आई उठते, अंडी उन्हात उघडी पडतात. आपण पायाखाली वाट पाडतो, त्या वाटेनं मांजर येतं. आपण काही "केलं" नसलं तरी झालेलं असतं.

धनेशाचं तर विशेष आहे. मोठी पिवळी चोच, आणि चोचीवर आणखी एक शिंगासारखा भाग. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून बंद करते. चोचीपुरती फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर वड-उंबरांची फळं आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. आता विचार करा. चार जण कॅमेरे घेऊन झाडाखाली उभे राहिले आणि नर घाबरून आलाच नाही, तर आतली मंडळी काय खाणार? तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने मला अशी ढोली कुठे आहे ते सांगितलं. मी पहाटे उठून गेलो. अर्ध्या वाटेवर नराच्या पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, मोठा पंखा फिरल्यासारखा. मी थांबलो, तो आवाज झाडाकडे गेलेला ऐकला आणि परत फिरलो. फोटो नाही. डायरीत नोंद आहे : "धनेश, नर, सकाळी ७.१०. परत आलो."

आपल्या गावात हे काही नवं नाही. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखून पिल्लं सुखरूप समुद्रात सोडायचं काम उभं केलं ते आपल्या चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने. अंडी पळवली जात होती त्या किनाऱ्यावर आज लोक तिकीट काढून पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला येतात. घरटं राखूनही माणसाचं पोट भरतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता डायरीकडे येतो.

२२ जुलै २०२१ आपल्यापैकी कुणालाही वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्यांनाही वाटलं नव्हतं की पाणी एवढं चढेल. मी तळमजल्यावर राहतो. आम्ही दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्या घरात त्या रात्री आपण चौदा माणसं होतो, आणि काकूंनी चौदा माणसांना पिठलं-भात वाढला. त्यांचं ऋण या सोसायटीवर आहे. तीन दिवसांनी खाली आलो तेव्हा कपाटातले अल्बम चिखलाच्या विटा झाले होते. संगणक गेला, हार्डडिस्क गेली. दहा वर्षांचे फोटो. आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातून मी पक्ष्यांची पुस्तकं आणत असे. १८६४ साली स्थापन झालेलं ते वाचनालय, तिथेही पाणी शिरलं. त्या दिवशी पुस्तकंही गेली आणि फोटोही गेले.

पण डायरी वाचली. कारण ती माझ्याकडे नव्हतीच. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी वाचायला नेली होती, आणि नेहमीप्रमाणे परत करायला विसरले होते. सर, तुमच्या त्या सवयीबद्दल आज जाहीर आभार!

पुरानंतर सहा-सात महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. घर सावरण्यातच जीव गेला. मग फाल्गुनात एक दिवस डायरी चाळताना दिसलं : "काटेसावर, नदीकाठ, पहिलं फूल." प्रत्येक वर्षी माघाच्या शेवटाला नाहीतर फाल्गुनाच्या सुरुवातीला ही नोंद होती. उठलो आणि गेलो. झाड उभं होतं. पुराच्या पाण्याने आणलेल्या पिशव्या, चिंध्या, एका साडीचा फाटका तुकडा, सगळं माझ्या डोक्यापेक्षा बरंच वर फांद्यांत अडकलेलं. पाणी कुठपर्यंत होतं त्याची ती खूण. आणि त्याच फांद्यांवर लाल फुलं, आणि साळुंक्या भांडत होत्या. मुलाने धाडलेला नवा मोबाईल खिशात होता. त्यानेच हा फोटो काढला. माझ्या उरलेल्या संग्रहातला हा पहिला फोटो. तेव्हा मला कळलं की अल्बम बुडाले त्याचं दुःख आहे, पण झाड राहिलं तर फोटो पुन्हा काढता येतो. झाडच गेलं तर अल्बमचं काय करायचं?

म्हणूनच मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली, वणवा. दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल आपल्या भोवतालच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसतात. कुणी भाजावळ करतो आणि आग निसटते, कुणी बागेतलं गवत जाळतो, कुणी बिडी टाकतो. लांबून ते शोभिवंत दिसतं. पण नेमके हेच दिवस फुलांचे, घरट्यांचे आणि कोशांचे. जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, गवताच्या काडीला लटकलेला फुलपाखराचा कोश, करवंदीचा मोहोर, सगळं एका रात्रीत जातं. पुढच्या वर्षी माणसं म्हणतात, यंदा करवंदं कमी आली. आपण फिरायला जाणाऱ्यांनी एवढं तरी करावं : आग दिसली की गावातल्या माणसांना आणि वनखात्याला लगेच कळवावं. माझा फोन सगळ्यांकडे आहेच, मलाही कळवा.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, कारण ती आपल्याच आवारातली. बी विंगमागची पट्टी. गेल्या वार्षिक सभेत तिथे पेव्हर ब्लॉक बसवून दुचाकींचं पार्किंग करायचा ठराव आला होता, तो पुढे ढकलला आहे. पार्किंगची अडचण खरी आहे. माझीही स्कूटर आहे, आणि ती रोज कुणाच्या तरी गाडीच्या मागे अडकते. पण त्या पट्टीत काय आहे ते पाहा. एकदांडी, टाकळा, रुई, पानफुटी, थोडी घाणेरी. आपण याला कचरा म्हणतो. रुईवर प्लेन टायगरचे सुरवंट वाढतात. टाकळ्यावर ग्रास यलो नावाचं पिवळं फुलपाखरू. पानफुटीच्या पानात रेड पिएरोचा सुरवंट घर करतो. एकदांडीच्या मधावर तर सगळ्यांचाच चहा-नाश्ता. या एका पट्टीत गेल्या चार वर्षांत मी एकतीस जातींची फुलपाखरं नोंदवली आहेत. डायरी इथे टेबलावर ठेवली आहे, कुणीही पाहावी.

माझी सूचना अशी. अर्ध्या लांबीत पेव्हर ब्लॉक बसवा, अर्धी लांबी तशीच ठेवा. सापाची भीती कुणी बोलून दाखवली होती, ती रास्त आहे. म्हणून त्या अर्ध्या भागातला राडारोडा आणि विटांचे ढीग काढून टाकू, कारण उंदीर आणि त्यामागून साप तिथे येतात, रुईच्या झाडाकडे नाही. गवत वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, कापू. कापण्याचा खर्च मी माझ्या हयातीत देईन. पुढची पंचवीस वर्षं मी असेनच असं नाही, म्हणून हे भाषणात सांगून ठेवतो आणि स्मरणिकेत छापूनही येईल. बँकेत तोंडी कराराला किंमत नसते.

आणि मुलांना एक निमंत्रण. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाचा उपक्रम असतो. काही नाही, आपल्या अंगणात किंवा गच्चीवर किमान पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि दिसलेले पक्षी मोजून नोंदवायचे. पुढच्या फेब्रुवारीत आपली सोसायटी त्यात भाग घेईल. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे, त्यांनी आत्ताच सर्वांदेखत हो म्हणावं. (ते म्हणाले. नोंद घेतली आहे.)

ज्यांना तोपर्यंत धीर नाही, त्यांच्यासाठी पावसाळा लागेपर्यंत दर रविवारी सकाळी पावणेसातला मी गेटवर उभा असतो. पायात चपला नकोत, बूट हवेत. पाण्याची बाटली आणा. मोबाईल चालेल. सुगंधी पावडर-अत्तर नको. गप्पा कमी. आणि कात्री घरी ठेवून यायची.

जाईचा तो वेल पुरात गेला, पण गेल्या वर्षी त्याच्याच मुळातून नवा फुटवा आला. यंदा चैत्रात तिथे पुन्हा बुलबुलाचं जाणं-येणं चालू आहे. घरटं आहे की नाही, ते मी पाहिलेलं नाही. तुम्हीही पाहू नका. जिन्यातून जाताना जरा हळू जा, एवढंच.